आण्याची आमटी आणि चमचे

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, पण काल सुनेनं आमटीला फोडणी दिली आणि त्या वासानं राहवेना. नव्वदच्या दशकात मी आणे गावच्या हायस्कुलात शिक्षक असताना पुण्याच्या एका शाळेची मुलं आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईनं पहाटेपासून चुलीवर कढईभर झणझणीत आमटी रांधली होती. शहरातले हसतील या भीतीनं मी नारायणगावहून मुद्दाम चमचे आणवले आणि आमच्या पोरांना बजावलं, "भाकरी कुस्करायची नाही, ओरपायचं तर मुळीच नाही!" त्यामुळे पंगतीत आमची पोरं चमचे धरून अवघडून बसली आणि त्यांच्याकडे बघून पाहुणेही. तशीच भरलेली ताटं पाहून आमटी रांधणाऱ्या त्या वहिनींचा चेहरा पडला. तेवढ्यात पुण्याची एक मुलगी म्हणाली, "मावशी, हे खायचं कसं?" वहिनी तिच्याशेजारी बसल्या, भाकरी कुस्करली आणि भुर्रकन ओरपली. "अशी! आवाज न्हाई आला तर आमटी रुसती, बाय." सगळी पंगत हसली, बघता बघता कढई रिकामी झाली, आणि त्या दिवशी जमलेली मैत्री दोन्ही शाळांनी पुढे कितीतरी वर्षं जपली. हे सगळं त्या माउलीमुळे. भांडी घासताना त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, आधी कुणीच खाईना. मीठ कमी पडलं व्हतं का?" आणि मी म्हणालो, "हो, जरासं." आता त्या नाहीत, आणि "मीठ बरोबर होतं वहिनी, पोरांना मीच अडवलं होतं, मला माफ करा," एवढं सांगायचं राहूनच गेलं.