गाल भरले, दंड रिकामे

कुणी भेटलं की "कशी आहेस" असं न विचारता ती "काय खाल्लंस" असं विचारायची. हरीसाची तिखट चटणी लावलेला पाव उभ्यानेच खायची. पांढऱ्या कोटाच्या फक्त कॉलरला इस्त्री करायची. रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र सुरू करताना त्याला "चल गं म्हातारे" म्हणत थोपटायची. गाबेस शहरात कॅन्सरचं नाव कुणी घेत नाही, "तो वाईट आजार" म्हणतात. दलेंदा मात्र ते नाव घ्यायची, तेही भर बाजारात, मोठ्याने. मग भाजीवाला "अल्ला लांब ठेवो" असं पुटपुटायचा आणि घाईघाईने तिला चांगले टोमॅटो निवडून द्यायचा.

योसर अजूनही बोलताना "दलेंदा म्हणते" असंच म्हणते. मग थांबते. दलेंदाला जाऊन फार दिवस झालेले नाहीत.

योसरकडे अरबी साहित्याची पदवी होती आणि नोकरी नव्हती. दलेंदाने तिला रुग्णालयातल्या आपल्या प्रयोगशाळेत मदतीला घेतलं. "मला बायका 'अल्लाची कृपा' यापलीकडे काही सांगत नाहीत. तू गोष्टी वाचल्यास ना? मग त्यांच्या ऐक."

स्तनातल्या काही गाठी शरीरातल्याच संप्रेरकांवर पोसल्या जातात. त्यांच्यावरचे उपचार कडक असतात. गाठ जळते, पण तिच्याबरोबर रक्तातली राखणही, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशीही, जळतात. कुठलाही रोग मग उघड्या दारातून आत यावा तसा येतो. ही राखण पुन्हा केव्हा आणि किती भरून येते, हा दलेंदाचा प्रश्न होता. त्यासाठी ती उपचार संपलेल्या बायकांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासायची.

बहुतेकींची राखण हळूहळू परतत होती. काहींची मात्र जागची हलत नव्हती. आणि दिसायला त्याच सगळ्यांत अंगाने भरलेल्या होत्या.

त्यांतली एक मेहरेझिया. खजुरीच्या बागांकडे राहायची, तोंडाने फटकळ. दलेंदाने तिचा गाल चिमटीत धरला, मग दंड धरला.

"गाल भरलेत, दंड रिकामा. काय खातेस?"

"अल्लाने दिलेलं."

"डब्यात दिलं की पुडीत?"

रक्त द्यायला बाकावर बसलेल्या बायका हसल्या. हसता हसता एकीने पिशवी पोटाशी ओढली. योसरने ते पाहिलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. चहा होईपर्यंत सगळं बाहेर आलं.

ती नवरीची भुकटी होती. लग्नाआधी मुलीला हजबात बसवतात. बंद खोली, ऊन नाही, काम नाही, परकं माणूस नाही. अंग भरावं, रंग उजळावा म्हणून. पूर्वी सातू, मेथी, तीळ, मध एवढ्यावर भागायचं. आता झाडपाल्याच्या दुकानात तयार भुकटी मिळते आणि बघता बघता अंग भरतं. मेहरेझियाने ती मुलीसाठी, सिवारसाठी, आणली होती. मग स्वतः खाल्ली. मग बाकावरच्या बाकीच्यांनाही दिली.

"वरपक्षाने मला अशी वाळलेली काडी बघितली तर काय म्हणतील? रोग रक्तातच आहे म्हणतील. पोरीचं लग्न मोडेल."

दलेंदा रागावली नाही. भुकटीत कॉर्टिझोन हे औषध मिसळलेलं असणार, असा तिचा अंदाज होता. ते चेहरा फुगवतं आणि राखण दाबून टाकतं. नमुना तपासायला ती राजधानीला निघाली. जाताना सगळ्यांना बजावलं, "मी येईपर्यंत घेताय तेवढीच घ्या. वाढवू नका. बंदही करू नका."

"विष असलं तरी?"

"असलं तरी. उतरायचं ते मी सांगेन तसं, पायरी पायरीने."

पण डॉक्टरीण भुकटी तपासायला घेऊन गेली, एवढी अर्धीच बातमी वस्तीत फिरली. शुक्रवारी मशिदीत इमामांनी कळवळून सांगितलं, की ही भुकटी विष आहे, ज्याच्या घरात असेल त्याने सूर्य मावळायच्या आत फेकून द्यावी. माणूस भला. लोकांनी ऐकलं.

रविवारी दलेंदा परतली. योसर टॅक्सीतळावर घ्यायला गेली होती. तिने आनंदानेच सांगितलं, "दलेंदाबाई, तुमचं काम सोपं झालं. सगळ्यांनी फेकली."

दलेंदाच्या हातातली पिशवी खाली टेकली. "कधी?"

"शुक्रवारी."

"गाडीत बस. आधी रुग्णालयातून गोळ्या, मग घरं."

गाडीत तिने थोडक्यात सांगितलं. कॉर्टिझोन बाहेरून मिळत राहिलं की अंग ते स्वतः बनवायचं विसरतं. आता बाहेरचं बंद झालं आणि आतलं सुरू झालेलं नाही. रक्तदाब कोसळतो. उलट्या, झोप, मग माणूस जातो.

"किती वेळात?"

"कुणाला किती, ते सांगता येत नाही."

पहिल्या घरी बाई गळून पडली होती, पण बोलत होती. दलेंदाने कॉर्टिझोनची गोळी पुढे केली.

"इमाम म्हणतात टाक, तुम्ही म्हणता घ्या. माझा नवरा बरा, कायम एकच बोलतो."

"काय?"

"गप्प बस म्हणतो."

"मग आज त्याचं ऐक आणि गिळ."

दुसरं घर झालं, तिसरं झालं. कुणी नाही म्हणालं, कुणी शपथ घेतली, कुणी रडलं. गोळी सगळ्यांनी घेतली. मेहरेझियाचं घर शेवटी आलं. अंगणात ढोलकी चालू होती आणि परातीत खजूर भरलेले गोड मक्रूद तळून ठेवले होते. मेहरेझिया ताठ चालत पुढे आली.

"तू फेकली नाहीस," दलेंदा म्हणाली.

"थोडी ठेवलीय. लग्न झाल्यावर टाकीन. दोजखात गेले तर जाईन."

"बरं केलंस. आणि सिवारची?"

"तिची सगळ्यात आधी फेकली. पोरीला विष कसं देईन?"

"कशी आहे ती?"

"उलट्या करते, झोपून असते. नवरीचं मन, दुसरं काय."

दलेंदा सरळ बंद खोलीकडे निघाली. मेहरेझिया आडवी आली. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"आत नको, बहिणी. मी तुझ्यामुळे जिवंत आहे. माझं घर माग, देते. पण तू त्या आजारात वावरतेस. हजबातल्या पोरीवर तुझी सावली पडायला नको."

ढोलकी थांबली. योसरला वाटलं, दलेंदा तिला ढकलणार. दलेंदा उंबऱ्यापासून एक पाऊल मागे सरली.

"ठीक. मी इथेच थांबते. तू आत जा आणि तिला उठवून उभी कर. उभी राहिली तर मक्रूद खाऊन मी घरी जाते."

मेहरेझिया आत गेली. दार लागलं. दलेंदाने पिशवीतून सुई काढली आणि बाटलीतलं औषध भरून घेतलं. आतून "ऊठ गं राणी, ऊठ" असं ऐकू आलं. पुन्हा एकदा. मग काहीतरी जड कोसळलं.

दार मेहरेझियानेच उघडलं. तिने दलेंदाचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं.

सिवार गालिच्यावर पडली होती. गाल गोल, अंग थंड. दलेंदाने मांडीत सुई टोचली, पाय उशीवर उचलून ठेवले आणि नाडी धरून बसली. योसरने रुग्णवाहिका बोलावली. अंगणातल्या बायका दारात जमल्या, पण आत कुणी आलं नाही. मेहरेझिया भिंतीला टेकून बसली होती आणि दलेंदाच्या तोंडाकडे बघत होती, मुलीकडे नाही.

बऱ्याच वेळाने सिवारने डोळे उघडले. "आई, हिला आत कुणी सोडलं?"

"मी," मेहरेझिया म्हणाली. "तू पडून राहा."

लग्न पुढे ढकललं. वरपक्ष कुरकुरला, पण मोडलं नाही.

पुढे प्रत्येकीची गोळी टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. प्रत्येक टप्प्यावर दलेंदा रक्त घ्यायची, त्यातल्या पेशी वेगळ्या करून गोठवायची. दाबलेली राखण परत उठते का, हे तिला बघायचं होतं. "सगळ्या नळ्या जमल्या की एकदमच मोजू," ती म्हणायची.

एका सकाळी ती प्रयोगशाळेत आली नाही. रात्री झोपेतच हृदय थांबलं होतं.

बायका ठरल्या दिवशी आल्या, बाह्या सरसावून बाकावर बसल्या. त्यांना सांगायचं काम योसरवर आलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी गोळ्यांचा हिशेब हातात घेतला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सगळ्यांना सुखरूप उतरवलं. सिवारलाही.

मेहरेझियाचे गाल आता ओसरलेत. भेटली की विचारते, "पोरी, माझी राखण आली का गं परत?"

योसरला माहीत नाही. नळ्या गोठणपेटीत ओळीने उभ्या आहेत. झाकणांवर नावं दलेंदाच्याच अक्षरात आहेत. मोजणी राहिली आहे.