ओळवालीचा माइक

देवाचं नाव घेणाऱ्या चार भिंतींच्या आत एका म्हाताऱ्या बाईला किती दिवस उल्लू बनवता येतं? सांगा अंदाज. महिना? दोन महिने? आमच्या ख्रिस्ती मंडळीने अकरा महिने बनवलं, आणि दर रविवारी वर तिच्याशी हसून हात मिळवला.

तिला सगळे ओळवाली म्हणायचे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून गळा असा झालेला की साधं बोलली तरी हाक मारल्यासारखं वाटावं. आमची मंडळी उभी केली ती हमालांनी, झाडूवाल्यांनी, मोलकरणींनी. वाचता येत होतं कोणाला? म्हणून गीताची ओळ आधी एकाने म्हणायची आणि मग सगळ्यांनी ती उचलायची. हे ओळ देण्याचं काम आधी तिच्या थोरल्या बहिणीकडे होतं. थोरलीचे डोळे गेले, मग कंबर गेली, ती खाटेला खिळली. तेव्हापासून पंचवीस वर्षं धाकटीने ओळ दिली. दोनशे गीतं तोंडपाठ, सगळी थोरलीनेच शिकवलेली. वर पत्रा, खाली फरशी. ओळ पत्र्यावर आपटून परत यायची आणि शेवटच्या बाकावर पेंगणारा शिंपीसुद्धा दचकून गायला लागायचा.

मग नवे पाळक आले. गोड बोलणारे. हॉलला गालिचा आला, भिंतींना फोम लागला, समोर पडदा, पडद्यावर गीताचे शब्द, बाजूला ड्रम आणि गिटार. शेजारच्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. जो तो पडद्याकडे बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा, जणू गाडीची वेळ वाचतोय. उपासना फोनवरही दिसायला लागली. आजाऱ्यांसाठी, असं म्हणाले.

ओळवालीची पंचाईत ही की ती सवयीने वाद्यांच्या आधी सुरू करायची. फोनवर ते चुकल्यासारखं वाटायचं. "मावशी, आता पुरे," असं तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. मग साउंडवाल्याने तिच्या हातात नवाकोरा माइक दिला. "हिरवा दिवा लागला की चालू, मावशी." दिवा लागायचा. साउंडच्या टेबलावरची तिच्या माइकची कळ मात्र पार खाली ओढलेली, म्हणजे आवाज बंद. ड्रमच्या दणक्यात स्वतःचा आवाज तिला कुठला कळतोय? समितीला माहीत होतं, वाजवणाऱ्यांना माहीत होतं. मलाही. भाडेकरूंसाठी घरमालकांच्या कॉलरी धरणारी मी, इथे गप्प बसले. म्हटलं, म्हातारी खूश आहे ना, असू दे.

अकराव्या महिन्यात तिने थोरलीसाठी एक जुना फोन मिळवला आणि रविवारी सकाळी शेजारणीकडून तो उशीशी लावून घेतला. उपासनेहून परत आली तर थोरली तापलेली.

"कुठे उंडारतेस ग रविवारी?"

"उंडारते? मंडळीत होते की!"

"खोटारडे. शिंप्याचा खोकला आला, पाळकाचं आमेन आलं. तुझा आवाज नाही आला."

"अग, माइक असतो माझ्या हातात."

"मी आंधळी आहे, बहिरी नाही. सोडलीस ना ओळ? मरायच्या आधी एकदा तुझ्यामागून म्हणायचं होतं मला."

सोमवारी धुलाईखान्यातून ती तडक माझ्याकडे आली. आम्ही साउंडवाल्याला गाठलं. तो वायर गुंडाळत राहिला, वर बघेचना. शेवटी कळेकडे बोट दाखवून म्हणाला, "मला वरून सांगितलं होतं, मावशी."  ती तशीच पाळकांच्या खोलीत शिरली, मागोमाग मी.

"आपण सेवा माणसांना ऐकवायला करतो का, मावशी?" पाळक म्हणाले. "देवाला सगळं ऐकू येतं."

"देवाचं राहू द्या. माझ्या बहिणीला ऐकू आलं पाहिजे. एक गीत. मग घ्या तुमचा माइक."

"अहो, एक गीत ना? या रविवारी घेऊ."

इतक्या पटकन हो म्हणाले, तिथेच माझं डोकं चालायला हवं होतं.

रविवारी त्यांनी तिचं गीत शेवटच्या आशीर्वादानंतर, म्हणजे उपासना संपल्यावर ठेवलं. ड्रमवाला बाजूला झाला. पडदा काळा. तिने ओळ दिली, "उचल देवा, भार माझा," आणि या वेळी आवाज खरोखर हॉलभर फिरला. सगळ्यांनी उचलली. शिंपी रडत होता. मीही गळा मोकळा सोडून गात होते, तेवढ्यात कॅमेऱ्याकडे नजर गेली. त्याचा लाल दिवा विझलेला, म्हणजे फोनवर काहीच जात नव्हतं. साउंडवाला झाकण लावत होता. मी पाहिलं आणि पुढची ओळ गायले.

"चल, थोरलीचं तोंड बघायला चल," म्हणून तिने मला हाताला धरून घरी ओढत नेलं. जिना चढताना धापा टाकत हसत होती.

थोरलीने चाहूल घेतली. फोन छातीवर पालथा पडला होता.

"आशीर्वाद झाला आणि बंद पडलं," ती म्हणाली. "आता तू म्हणशील, त्यानंतर गायले."

धाकटीचं तोंड उघडं होतं. ती नेमकं तेच म्हणणार होती.

मी शपथा घेतल्या. थोरली म्हणाली, "हिला कितीला शिकवून आणलंस?" मी पाळकांकडे धावले, म्हटलं, "चला, तुम्ही सांगा तिला." ते म्हणाले, "आजारी माणसाला असल्या गोष्टी सांगून त्रास कशाला?" दार हळूच लावलं त्यांनी, आवाज न करता.

थोरली नवव्या दिवशी गेली. तोवर तिने शेजारणीच्या हातून पाणी घेतलं, बहिणीच्या हातून नाही. दफनाआधीच्या उपासनेत शब्द पडद्यावर होते. ओळवाली तिसऱ्या बाकावर ओठ मिटून बसली होती. आता ती धुलाईखान्यात रविवारची पाळी मागून घेते, घड्या घालते. फोन घरातच आहे.

तुमच्याही मंडळीत साउंडचं टेबल असेल. येत्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी तिथे जा आणि विचारा, कोणाची कळ खाली ओढून ठेवली आहे. आणि उत्तर मिळालं, तर ज्याची कळ खाली आहे त्या माणसाला त्याच दिवशी तोंडावर सांगा.