आईची शेवटची नळी

माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तसंच झालं. फक्त माझ्या मावशीने माय मरू दिलीच नाही.

मावशी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती. माणसाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद किती, ते रक्तातून मोजायचं, हे तिचं काम. रोज पेशंटांच्या नमुन्यांबरोबर एक ओळखीचं रक्तही तपासावं लागतं. त्याचं उत्तर नेहमीसारखं आलं, तरच बाकीच्यांच्या उत्तरांवर विश्वास ठेवायचा. मावशीकडचं हे ओळखीचं रक्त माझ्या आईचं होतं. एका मोठ्या आजारातून उठल्यावर आईने ते हौसेने पिशवी भरून दिलं, मावशीने छोट्या छोट्या नळ्यांत गोठवलं, आणि पुढच्याच वर्षी आई अपघातात गेली. मी तेव्हा धड बोलतही नव्हते.

आई गेली, पण कामावर येतच राहिली. जेवताना मावशी सांगायची, "ताई आज जरा खाली आली होती, दुपारी सावरली." ती रक्ताच्या आकड्यांबद्दल बोलत असायची, पाहुणे मात्र घास हातात धरून तिच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, आई तिकडेच राहते आणि माझ्यावर रुसली म्हणून घरी येत नाही. कळायला लागल्यावर ही समजूत गेली, त्या रुसलेल्या आईची भीती मात्र राहिली. मावशीच्या कपड्यांना येणारा स्पिरिटचा वास मला अजूनही आईचा वाटतो, आणि अंगावर काटा येतो.

मग तीन इस्पितळांनी मिळून एकच सामायिक प्रयोगशाळा उभारायचं ठरवलं. ती सज्ज करायचं काम मावशीच्या गळ्यात पडलं. डीप फ्रीजर, वीज गेल्यावर तग धरणाऱ्या बॅटऱ्या, आणि एका दमात शेकडो नमुने तपासणारं यंत्र. ते दारातून आत जाईना, तेव्हा चौकट काढावी लागली. "नव्या नवरीचेसुद्धा एवढे लाड कुणी केले नसतील," मावशी सुताराला म्हणाली.

पण नव्या यंत्राची उत्तरं जुन्या उत्तरांशी जुळतात, हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी वर्षानुवर्षं तपासलेलं रक्त एकच होतं, आईचं, आणि त्याची एकच नळी उरली होती. ती एकाच दुपारी जुन्या पद्धतीने हाताने आणि नव्या यंत्राने तपासायची. तसं केलं नाही, तर पेशंटांचे नवे रिपोर्ट जुन्यांशी ताडताच आले नसते.

हे कळल्यावर मी तडक तिथे गेले. "ती नळी मला दे," म्हटलं.

"काय करशील?"

"ठेवीन. माझ्याकडे आईचं दुसरं काय आहे?"

"फ्रीजरात ठेवलं म्हणजे माणूस राहतं का गं?"

"मग इतकी वर्षं तू दुसरं काय केलंस?"

खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मावशीचा चेहरा उतरला. तिने फ्रीजरातून नळी काढली आणि मुठीत धरून तिला ऊब द्यायला लागली. "ताईने हे तुझ्यामाझ्यासाठी दिलं नव्हतं," नळी वितळल्यावर ती म्हणाली.

आधी तिने हाताने तपासणी लावली. मग नळी यंत्रात ठेवली. यंत्राची सुई नळीत उतरली आणि बारीकसा आवाज झाला. कुणीतरी शेजारी श्वास घेतला असं मला वाटलं. मी मागे वळून पाहिलंसुद्धा. काही तासांनी उत्तरं आली. दोन्ही सारखी, आणि दोन्ही नेहमीसारखी.

नळीच्या तळाशी थेंबभर राहिलं होतं. तेवढं यंत्राला ओढता येत नाही. मी हात पुढे केला.

"एकदा वितळलं की पुन्हा गोठवून उपयोग नसतो," मावशी म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने नळी कचऱ्याच्या पिशवीत सोडली.

मग हातमोजे न काढताच ती स्टुलावर बसली. "ताई गेली गं," म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली. आई गेल्याचं मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. तिला ते आत्ता कळत होतं, आणि सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.