गाठीपाशी थांबणारा हात

नानाखेड्याजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात मी वडिलांच्या टेबलाची सागवानी फळी घेऊन गेलो. तिची खरवडलेली कड गोल करून हवी होती. "मिस्त्री कहाँ हैं?" असं विचारलं, तर मशीनवरची पन्नाशीची बाई म्हणाली, "मैं ही हूँ, बोलिए."

मोठं मशीन काम झटपट करेल, म्हणून मी तिकडे बोट दाखवलं. तिने फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एका गाठीपाशी थांबली. मग तशीच गाठ असलेला एक टाकाऊ तुकडा तिने मोठ्या मशीनवर धरला. कड गुळगुळीत निघाली, पण गाठीपाशी ढलपी उडाली. वडिलांची फळी एकच होती.

"बड़ी मशीन रुकती नहीं, भाईसाब. छोटी मेरे हाथ में रहती है."

तिने हातातलं लहान मशीन कडेवरून तीनदा नेलं, दर वेळी अगदी थोडं खोल. गाठ आली की तिचा श्वास थांबायचा, आणि माझाही.

शेवटी मी डोळे मिटून कड चाचपली. गाठ कुठे होती, ते बोटांना सापडेना. माझे हात नकळत जोडले गेले.

"सरकिए ज़रा, बुरादा उड़ेगा," ती म्हणाली. मी भुशाच्या वाटेतून बाजूला झालो आणि तिने पुढची फळी उचलली.