गच्चीवरचं एरोबिक्स

लग्न होऊन मी पुण्याहून औरंगाबादला आले तेव्हा पुंडलिकनगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. रोज कुठं ना कुठं नवा पाया खणला जायचा. बोअर मारणारी गाडी दिवसभर घुरघुरायची आणि खालून नुसती धूळ वर यायची. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही जेमतेम तासभर. अशा ठिकाणी मी आल्या आल्या एक थाप मारली.

गल्लीतल्या बायका नवी सून बघायला आल्या होत्या. "पुण्यात काय काय शिकलात?" असं एकीनं विचारलं. नुसतं बी.कॉम. म्हणायला मला कसंसंच वाटलं. मी म्हणाले, "एरोबिक्स." खरं तर आमच्या हॉस्टेलजवळच्या हॉलमध्ये तो वर्ग चालायचा आणि येता-जाता दार उघडं असलं तर मी तेवढंच बघायची. फी भरून आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

समोरच्या घरातल्या वहिनींनी ते लक्षात ठेवलं. त्या शेतकरी घरातल्या. नवरा वाळूजच्या कारखान्यात लागला म्हणून शहरात आलेल्या. आठवड्याभरात त्या दारात हजर. "आमाला बी शिकवा की. हितं घरात बसून बसून पाय जड झालेत."

आता माघार घ्यायची तर थाप उघडी पडणार. नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून मी त्याला छावणीतल्या बाजारात घेऊन गेले. तिथं एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून द्यायचा. मला काय हवं ते मलाच माहीत नव्हतं. "मॅडम, ये सुनो," तो म्हणाला, "पूरे फॉरेन में यही चल रा." त्यानं दोन्ही बाजू भरून दिल्या. सगळ्या गाण्यांत तोच ठेका. एक बाई उंच आवाजात एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मधेच एक पुरुष घाईघाईनं काहीतरी बोलून जायचा, जणू त्याची एसटी सुटत होती.

सकाळी सहाला आमच्या गच्चीवर वर्ग सुरू झाला. साड्या खोचलेल्या अकरा बायका, आणि पुढं मी, कॉलेजातला सलवार-कमीज घालून, चेहऱ्यावर भलताच गंभीर भाव. "वन, टू, थ्री, फोर" एवढं ओरडलं की बाकीचं निभावून जायचं. पुढची स्टेप आठवली नाही की मी म्हणायची, "आता श्वासाकडं लक्ष द्या." बायका मन लावून श्वास घ्यायच्या. तेवढ्यात मी काहीतरी रचायची.

खालून सासूबाई विचारायच्या, "अगं, वर काय कांडप चाललंय?"

एकदा वहिनींनी विचारलं, "गाणं लई भारी हाय, पण ती बाई म्हनतिया काय?"

मला ओ की ठो कळलं नव्हतं. मी म्हणाले, "ती त्याला नदीकाठी बोलावतेय."

"नदीला पानी हाय का तिकडं?" वहिनींनी लगेच विचारलं. सगळ्या हसल्या. मी मात्र गंभीरपणे "बारा महिने" असं सांगून टाकलं.

दोन महिने हे बिनबोभाट चाललं आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. बायका मला 'मॅडम' म्हणायला लागल्या होत्या. एका सकाळी मला वाटलं, आज यांना खरं काहीतरी दाखवावं. मी गिरकी घेतली आणि पाय जोरात मागं झाडला. माझ्या मागं आमची पाण्याची टाकी होती. माझी टाच टाकीच्या बुडाशी असलेल्या प्लास्टिकच्या पाइपावर बसली. कट्कन आवाज झाला, पाइप तुटला आणि आदल्याच दिवशी भरलेलं पाणी भसाभसा गच्चीवर धावलं.

मी टाच धरून खाली बसले. टेपवर ती बाई अजून कोकलतच होती. वहिनींनी दोन ढांगांत टाकी गाठली आणि तळहात त्या भोकावर दाबला. "बघता काय? चिंध्या आना! गच्चीचं पानी पाइपातनं खाली पडतंय तिथं बादल्या लावा!" बाकीच्या धडाधड जिना उतरल्या. सासूबाई बोहारणीसाठी ठेवलेलं जुनं धोतर घेऊन वर आल्या, त्याचा बोळा करून त्यांनी वहिनींच्या हाताखाली कोंबला. तोवर निम्मी टाकी गेली होती.

"पुन्यात ह्येच शिकवलं का?" वहिनींनी धापा टाकत विचारलं.

मला रडू फुटलं. "नाही हो वहिनी. मी तिथं कधी गेलेच नाही. दारातून बघायची फक्त."

वहिनींनी माझ्याकडं मान वळवली. "मंग दोन महिनं आमी तुमच्या अंदाजावर उड्या मारल्या व्हय?" आणि त्या इतक्या हसल्या, की बोळ्यावरचा हात सुटला आणि आम्ही तिघी पुन्हा भिजलो.

बादल्यांत जमलं ते गढूळ पाणी भांड्यांना आणि फरशीला वापरलं. पुढचा नळ येईपर्यंत अकरा घरांतून रोज एकेक कळशी आमच्या दारात यायची. मला ते कुणाच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. कळशी घेताना मी मान वर करत नसे.

वर्ग आता संपला असं मी धरून चालले होते. पण पाचव्या दिवशी सकाळी सहाला बायका पुन्हा जिन्यात. माझी टाच सुजलेली, म्हणून पुढं वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी त्या परदेशी ठेक्यावर सरळ झिम्मा धरला, मग फुगडी. पहिल्यांदाच साऱ्याजणींचे पाय एकत्र पडत होते. मी खुर्चीत बसून त्या सांगतील तेव्हा कॅसेट उलटी करत होते. गहू वाळवायच्या निमित्तानं सासूबाई वर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तू बसून शिकवतेस तेच छान होतंय."