सोळा तासांवरचे सासर

करमाडवरून एखादे विमान चिकलठाण्याकडे उतरू लागले की कौसाआत्या हातातले काम टाकून अंगणात यायची आणि वर बघून एक सणसणीत शिवी हासडायची. विमानातल्यांना ती ऐकू जात नाही, असे मी एकदा म्हणालो. "नाय तर नाय. मला तर येती ना ऐकू," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

एकुलती एक लेक सुनीता शिकागोला दिली तेव्हापासूनचा हा राग. स्थळ वैजापूरचे, मुलगा तिकडे नोकरीला. बैठकीत व्याही ऐटीत म्हणाले, "आता अंतर कुठं राह्यलंय? अवघं सोळा तास." मी फोनवर पाहिले. मुंबई ते शिकागो, तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. आकडा बरोबर होता.

"हे कुणी मोजलं? ज्याची लेक तिथं नाय, त्यानं," आत्या आतून कडाडली. "मुराळी दिवस मावळायच्या आत लेकीला घेऊन माघारी यावा, तितक्याच लांब लेक द्यावी." सासुरवाशिणीला सणाला आणायला जातो तो मुराळी. सुनीताला भाऊ नाही, म्हणून तो मान मामेभावाचा, म्हणजे माझा. पण बैठकीत बाईचे ऐकतो कोण? आत्याच्या नवऱ्याने सुपारी फोडून टाकली.

दोन वर्षांनी सुनीताचा फोन आला. "आई, पंचमीला मुराळी पाठव." मागे जावई हसत होता, त्याला गंमत वाटली. आत्याने फोन ठेवला. "पोरीला जाच हाय. इतक्या लांबून कुणी गमतीनं मुराळी मागत नाय." दुसऱ्या दिवशी सुनीताने शेजारणीच्या फोनवरून मला सगळे सांगितले. तो मारत होता आणि पासपोर्ट त्याने कुलपात ठेवला होता.

मी व्हिसाच्या मागे लागलो, तर मुलाखतीची तारीखच पुढच्या सालची मिळाली. "सोळा तासांची वाट, अन् वरीसभर उंबऱ्यातच उभं ऱ्हायचं?" आत्या माझ्यावरच खेकसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन एसटीने वैजापूर गाठले आणि व्याह्यांच्या ओट्यावर बसली.

"पाव्हणं, सोळा तास तुम्हीच म्हणले व्हते. मी हितं बसले. माझी लेक आणा."

"विहीणबाई, आत तर या. चहा घ्या."

"लेकीचा पासपोर्ट कुलपात हाय. चहा उतरंल का घशाखाली?"

जो विचारेल त्याला ती मोठ्या आवाजात सगळे सांगे. गल्लीतल्या बायका जमल्या, बाजार समितीतून परतणारे थांबले. व्याही आधी गुरगुरले, मग गयावया करू लागले. दिवेलागणीला त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला फोन लावला. "तिचा पासपोर्ट दे. इथं माझी इज्जत चालली." सून मार खाते याचे त्या माणसाला काही नव्हते, गल्लीला कळले याचे होते. मला आजही त्याचा संताप येतो. आत्या तरीही हलली नाही. पासपोर्ट हातात आल्याचे खुद्द सुनीताने कळवले, तेव्हाच ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

पंचमी हुकली. सुनीता पोळ्याच्या आधी चिकलठाण्याला उतरली, एका बॅगेनिशी. आत्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बॅग माझ्या हातात कोंबली. "तू मुराळी ना? मग करमाडपर्यंत तरी ने."

यंदा उन्हाळ्यात आत्या गेली. दहाव्याला माणसे अंगणात बसली असताना डोक्यावरून विमान गेले. सगळे खाली बघत राहिले. सुनीता आतून आली, तिने मान वर केली आणि आईची शिवी, एक शब्द न गाळता, विमानाला दिली.