पाण्याला साखर लागली तो दिवस

पाचवी पट्टी पण तपकिरी झाली, तेव्हा सरांनी पट्ट्यांचा डबा उजेडात धरून बघितला.

केबिन रोडच्या एका लॅबमध्ये मी लघवी घ्यायच्या बाटल्या धुवायचे, लादी पुसायचे. आमचे सर लघवी-रक्त तपासायचे. पट्टी म्हणजे प्लास्टिकची बारीक काडी, तिच्यावर रंगाचे चौकोन. लघवीत बुडवायची, डब्यावरच्या रंगांशी जुळवायची. साखरेचा चौकोन निळसर असतो. साखर असली तर हिरवा, लय असली तर तपकिरी. मला वाचता येत नाय, पण तो तपकिरी मी ओळखते. माझा नवरा साखरेनंच गेला.

त्या सकाळी सगळ्यांचा तोच रंग. रिक्षावाल्याचा, शाळेच्या बाईंचा, सहा वर्षांच्या पोरीचा. कोण कोणाच्या ओळखीचं नाय. सरांनी नवा डबा फोडला. तरी तेच. मला वाटलं, आपल्या लॅबला काय झपाटलंय काय.

बाकड्यावर चौक गावची एक पोर सासूबरोबर बसलेली. आठवा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. डॉक्टर बोललेले, आज साखर दिसली तर आजच भरती करायचं. सासू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती, "हिच्यातच खोट हाय." पोर खाली बघून पोटावर हात फिरवत होती.

तिची पट्टी बुडवली. तपकिरी.

सरांनी पेन उघडलं, परत बंद केलं. मला साधं पाणी आणायला सांगितलं. मी धुतलेल्या बाटलीत मडक्यातलं पाणी दिलं. त्यांनी पट्टी बुडवली. आम्ही दोघं बघत राहिलो. निळा चौकोन हळूहळू तपकिरी झाला.

पाण्याला साखर.

"मावशी, बाटल्या कशानं धुतल्या?"

तेव्हा मला आठवलं. आमच्या चाळीत कावीळ आलेली. घरी मी सगळं ब्लीचिंग पावडरनं धुवायचे. काल लॅबच्या बाटल्या पण त्यातच भिजवल्या. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून नीट खळबळल्या नाय. तशाच वाळवल्या.

"ब्लीचिंगनं पट्टी फसते, मावशी. साखर नसली तरी तपकिरी होते," सर बोलले.

मेडिकलमधून लघवीची कोरी डबी आणली. पोरीनं त्यात परत लघवी दिली. पट्टी निळीच राहिली. बाकीच्यांना पण परत बोलावलं.

सासूनं विचारलं, "मग खोट कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली.

नोकरी राहिली. पण पुढं रोज सकाळी पहिली पट्टी मी सरांना धुतलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडवायला लावायचे. आधी आपली बाटली तपासायची, मग दुसऱ्याचं पोट.